बाटलीवर मोरोक्को, आत सोसनाची मुळी

ईद जवळ आली की अत्तराच्या दुकानांत नव्या बाटल्या येतात. हल्ली काहींवर ‘मोरोक्कन बोहेमियन’ असे लिहिलेले असते आणि दुकानदार वर सांगतो, “एकदम सॉफ्ट, पावडरी.” मुली विचारतात, म्हणजे नेमके काय? शिक्षकी सवयीने आम्ही एकेक शब्द सोडवून पाहिला.

आधी पावडरी. हा वास मुख्यतः सोसनाच्या, म्हणजे आयरिसच्या मुळीचा. आपले युनानी हकीम तिला ईरसा म्हणतात. ताज्या मुळीला फारसा वास नसतो. ती सोलून, वाळवून दोन-तीन वर्षे ठेवावी लागते, तेव्हा कुठे तिच्यातला मऊ सुगंध उमलतो. इटली आणि मोरोक्को या तिच्या जुन्या मुलखांपैकी. युरोपात चेहऱ्याच्या आणि केसांच्या पावडरीत ही मुळी घालत, म्हणून तो वास पुढे ‘पावडरी’ ठरला. १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी याच जातीचा वास देणारे आयोनोन प्रयोगशाळेत बनवले. त्यासाठी लागणारे सायट्रल गवती चहाच्या तेलात भरपूर असते! स्वस्त बाटलीत बहुधा मुळी नसते, अशी रसायने असतात. त्यात फसवणूक नाही, पण मुळीची किंमत मोजण्याचे कारणही नाही.

आता बोहेमियन. बोहेमिया हा आजच्या चेक देशातला प्रांत. भटके रोमा लोक तिथूनच आले, असे समजून फ्रेंचांनी त्यांना हे नाव दिले. रोमांचे मूळ खरे तर आपल्या उत्तर भारतातले. पुढे पॅरिसचे फक्कड कलावंत बोहेमियन झाले, आणि १९६० च्या दशकात युरोप-अमेरिकेची हौशी मंडळी माराकेशला पोचली. फ्रेंच फॅशनकार इव्ह सें लोराँ १९६६ मध्ये तिथे प्रथम गेले. १९८० मध्ये त्यांनी आणि पिएर बेर्जे यांनी तिथली माजोरेल बाग विकत घेऊन वाचवली. तिथल्या घराघरांतला कफ्तान, गालिचा, कंदील यांना मग ‘स्टाइल’ हे नाव मिळाले. विणणाऱ्या बायकांचे नाव मात्र त्यात कुठे आले नाही.

खुद्द मोरोक्कोचा वास या बाटलीपेक्षा साधा आहे. वसंतात नारंजाची फुले ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात घालून घरोघरी फुलांचे पाणी काढतात. ते मिठाईत पडते, आणि लांब मानेच्या भांड्यातून पाहुण्यांच्या हातावरही शिंपडले जाते. आपल्या निकाहातली गुलाबदाणी आठवा! कलात मगूना गावाच्या परिसरात मे महिन्यात बायका पहाटेच गुलाब खुडतात, कारण ऊन चढले की सुगंध उडतो. एक किलो गुलाबतेलाला काही हजार किलो पाकळ्या लागतात.

हे सगळे सांगायचे कारण वेगळेच आहे. आमच्या वर्गातली काही मुले जुम्म्याला लावलेले अत्तर कॉलरखाली दडवतात. कोणी “अत्तरवाला आला” म्हणेल, ही धास्ती. कानातला फाया तर बाहेर पडण्याआधी काढूनच टाकतात. तोच गुलाब, तीच कस्तुरी परदेशी नावाच्या बाटलीतून आली की मात्र कौतुकाने मनगट पुढे होते. वास तोच असतो, लाज तेवढी नावाची असते. ही लाज मुलांनी आपल्या पोटातून आणलेली नाही. ती त्यांना कोणीतरी शिकवली आहे, म्हणून ती घालवणेही आपल्याला शिकवावे लागेल.

तेव्हा आवडली तर ती बाटली जरूर घ्या. आधी मनगटावर लावून अर्धा तास थांबा, कारण पावडरी वास उशिरा खुलतो. अंगाला खाज सुटत असेल तर कपड्याला लावा. अल्कोहोल नको असेल तर तेलातले मागा. आणि दादीच्या कपाटातली ती छोटी कुपीही एकदा मुलांच्या हातात द्या. तिच्यात काय आहे, ते कुठून येते, कसे काढतात, हे सांगून द्या. ज्याची माहिती असते, त्याची लाज वाटत नाही.