आधी फुकटची वेठ सोडा, डिझाईन सोडायचं का ते मग ठरवा



वस्तीतल्या अभ्यासिकेत बसलं की हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणारे चोवीस ते तीस वयाचे असतात. कुणी बी.एफ.ए. झालेला, कुणी खासगी इन्स्टिट्यूटमधून ॲनिमेशनचा डिप्लोमा केलेली, कुणी फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर हात बसवून पुढे मोबाईलवर व्हिडिओ बघत फिग्मा शिकलेला. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेली, स्वतः काढलेलं बाबासाहेबांचं पेन्सिल स्केच घरात फ्रेम करून लावलेलं. आणि चार-पाच वर्षं झाली तरी महिन्याच्या एक तारखेला खात्यात काय पडेल याचा भरवसा नाही. "ताई, डिझाईन सोडू की अजून थोडं थांबू?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. माझं म्हणणं असं की दोन्ही उत्तरं मूळ दुखणं झाकतात.

पहिलं उत्तर घरचं. एमपीएससी दे, भरती दे, ते नाही जमलं तर बँकेचे फॉर्म भर. यात आईबापांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. ज्या घरात पहिला कायमचा पगार रेल्वेतून, पालिकेतून किंवा पोस्टातून आला, त्या घराला सरकारी नोकरीची किंमत कुणी शिकवायला नको. पण मग माप तरी एकच लावा. राज्यसेवेला मागासवर्गीय उमेदवाराची वयोमर्यादा ४३ आहे. मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहून सहा-सहा वर्षं प्रिलिम देत राहतो, तेव्हा पाहुण्यांना आपण "तयारी करतोय" असं सांगतो. दोन वर्षं पोर्टफोलिओ घेऊन फिरणाऱ्या पोरीला मात्र विचारतो, "किती दिवस चित्रं काढत बसणार?"

दुसरं उत्तर बाजाराचं. "पॅशन असेल तर टिकशील." हे जास्त विषारी आहे, कारण ऐकायला गोड आहे. पॅशन म्हणजे काय, याचा रुपयांत हिशेब मांडा. मुंबईतल्या स्टुडिओत सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करायची, तर त्या सहा महिन्यांचं भाडं, लोकलचा पास, डबा, लॅपटॉपचा हप्ता कुणी भरायचा? ज्याच्या वडिलांचा फ्लॅट शिवाजी पार्कला आहे तो भरतो, टिकतो, आणि दहा वर्षांनी व्यासपीठावरून चिकाटीचे धडे देतो. बदलापूरहून उभ्याने येणारी पोरगी चौथ्या महिन्यात गळते, आणि तिच्यात "ती आग नव्हती" असं ठरतं. शिष्यवृत्तीचंही तसंच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची अडीच लाखांची अट आहे आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त लागतो. झगमगीत खासगी इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र यात बसतं की नाही हे पैसे भरण्याआधी कुणी सांगत नाही. मग कर्ज. कर्ज डोक्यावर असलेल्याने पॅशन दाखवायची आणि वर हसायचंही.

मी समाजशास्त्र शिकले, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ साली 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात दाखवलं की अभिरुची ही जन्मजात देणगी नसते, ती वर्गाची शिदोरी असते. आपल्याकडे त्यात जात मिसळा. मीटिंगमध्ये "क्लीन", "प्रीमियम", "मिनिमल" म्हणून जे वाखाणलं जातं ते बहुतेक वेळा एका विशिष्ट दिवाणखान्याची सवय असते. आणि "भडक", "गावठी", "फ्लेक्ससारखं" म्हणजे आपल्या गल्लीची. आपल्या पोरांना हे शब्द ऐकायला लागतात तेव्हा त्यांना वाटतं आपला हात कच्चा आहे. कधी असतोही, नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक वेळी तो हातच कच्चा असतो का?

नोकरीच्या दारावरचंही बघा. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ते अधिकारी जात मानत नाहीत असं सांगत होते, आणि उमेदवाराला "फॅमिली बॅकग्राउंड" विचारत होते. डिझाईनचं जवळपास सगळं क्षेत्र खासगी आहे, म्हणजे आरक्षण नाही. आणि तिथली निवड मार्कांवर कमी, ओळखीवर आणि "कल्चर फिट"वर जास्त चालते. टिकण्याचा प्रश्न इथून सुरू होतो, पोराच्या मनोबलापासून नाही.

"डिझायनर" हा शब्दसुद्धा कुणाला मिळतो ते पाहा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आरडाओरड झाल्यावर घेतलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या चर्मकार आणि ढोर घरांत ते कातडं कमावलं, तो अंगठा, ती वेणी, ते टाके ठरले, ती माणसं सगळ्या बातम्यांत "कारागीर" होती. डिझायनर मिलानमध्ये. आपल्या देशातल्या डिझाईन शिक्षणाच्या मुळाशीही हीच गंमत आहे. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. त्या अहवालात लोट्याचं मोठं कौतुक आहे. लोटा किती पाणी धरतो, हातात कसा बसतो, कमरेवर कसा राहतो, सगळे प्रश्न येतात. लोट्याला हात कुणी लावायचा नाही, हा प्रश्न येत नाही. तो प्रश्न महाडला १९२७ साली विचारून झाला होता.

महाडचा विषय निघालाच आहे तर सोडण्याबद्दल बोलू. "हार मानू नकोस, सोडू नकोस" हा उपदेश आपल्या चळवळीचा नाही. आपल्या चळवळीचा इतिहासच सोडण्याचा आहे. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, हे महाडच्या परिषदेत सांगितलं गेलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते काम सोडलं, येसकरी सोडली, त्यापायी बहिष्कार सोसला. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडलं, कारण इनामाच्या तुकड्यापायी चोवीस तास राबवून घेणारं ते काम मान नव्हतं, फास होता. शेवटी १९५६ साली आपण धर्मच सोडला. सोडणाऱ्याला भेकड म्हणायची पद्धत आपल्या घरची नाही.

आणि याच परंपरेत निवडण्याचा हक्कही आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मधला युक्तिवाद आठवा. जात माणसाचा धंदा जन्मावरून ठरवते, त्याचा कल विचारात घेत नाही, आणि एक धंदा बसला तर दुसऱ्यात शिरू देत नाही. म्हणूनच ती बेकारीचं कारण बनते, असं बाबासाहेब मांडतात. बौद्धवाड्यातली मुलगी स्वतःच्या कलाने टायपोग्राफी निवडते तेव्हा ती काही मौजमजा करत नसते. तीच मुलगी पाच वर्षांनी ते सोडून शिक्षिका झाली, तरी ती त्याच हक्काने. दोन्हीकडे अट एकच, निर्णय तिचा असायला हवा. उपाशी ठेवून घ्यायला लावलेला निर्णय तिचा नसतो.

आता कडू बोलते. या पोरांना उपाशी ठेवणाऱ्यांत आपणही आहोत.

मार्च संपत आला की प्रत्येक मंडळाला बॅनर हवा असतो. १४ एप्रिलचा वेगळा, बुद्ध पौर्णिमेचा वेगळा, ६ डिसेंबरचा, १ जानेवारीचा. शिवाय व्हॉट्सॲपच्या पोस्ट, पावतीपुस्तकाचं मुखपृष्ठ, टी-शर्टवरचं चित्र, नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. रात्री साडेअकराला फोन येतो: "भावा, उद्या सकाळी प्रिंटला जायचंय, फक्त वीस फोटो टाकायचेत." आठ दुरुस्त्या होतात. कुणाचा फोटो लहान झाला म्हणून कुणी रुसतं. शेवटी मिळतं काय? "जय भीम भावा, समाजाचं काम आहे." त्याच जयंतीत डीजेवाल्याला आगाऊ पैसे गेलेले असतात. मंडपवाला रोख घेतो, जनरेटरवाला रोख घेतो, फ्लेक्सवाला चौरस फुटाने मोजून घेतो. फुकट फक्त ते डोकं, ज्यातून बॅनर निघाला. फ्लेक्सच्या दुकानात तर पाटीच असते, "डिझाईन फ्री". दुकानदाराला ती परवडते, कारण आत संगणकावर बसलेल्याला तो महिन्याला तुटपुंजं देतो. तो बसलेलाही पुष्कळदा आपलाच असतो.

कार्यकर्त्यांना हे झोंबेल. "चळवळीत पैशाचा विषय काढायचा नसतो," असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे. मग सांगा, गावचं काम म्हणून राबवून घ्यायचं आणि मोबदल्यात जुजबी बलुतं टाकायचं, याला आपण काय म्हणत होतो? वेठ. ती पाटलाने घेतली तर अन्याय आणि निळ्या झेंड्याखाली घेतली तर समाजसेवा, हे गणित मला मान्य नाही. 'मूकनायक' १९२० साली निघालं, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. दोन्ही पत्रं पैशांच्या चणचणीने बंद पडली. ती परिस्थिती आणि लाखाचा डीजे लावणाऱ्या मंडळाची परिस्थिती एक नाही. ज्याला स्वखुशीने श्रमदान करायचं त्याने जरूर करावं, पण दान देणारा ठरवतो, मागणारा नाही.

तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वही काढायला लावते. मागच्या बारा महिन्यांत किती तास काम केलं, त्यातलं किती फुकट गेलं, किती पैसे बुडाले, किती आले. बहुतेकांच्या वहीत दिसतं ते असं की काम कमी नव्हतं, बिल कमी होतं. अशा माणसाने डिझाईन सोडण्याआधी फुकटचे गिऱ्हाईक सोडून सहा महिने बघावेत. अर्धे पैसे आगाऊ, दोनाच्या वर दुरुस्ती झाली की वेगळे पैसे, शेवटचा हप्ता आल्याशिवाय ओपन फाईल नाही. हे नातेवाइकांना, मंडळाला आणि एनजीओलाही लागू. एनजीओंना तर खास, कारण त्यांच्या बजेटमध्ये "कम्युनिकेशन" नावाचा मथळा असतो आणि तो पैसा शहरातल्या एजन्सीकडे जातो.

आणि वहीत दुसरं काही दिसलं तर? रीतसर दर लावूनही काम येत नसेल, घरात आजारपण असेल, कर्जाचं व्याज वाढत असेल, तर सोडावं. सरळ सोडावं, लाज न बाळगता. एआयने नमुने काढून देणारी साधनं आली आहेत, कॅनव्हावर कुणीही पोस्ट बनवतं. नुसत्या साच्यातल्या कामाचे दर पडले आहेत आणि ते परत वर येतील अशी आशा दाखवून मी कुणाचं वय खाणार नाही. ज्याचं काम निव्वळ फोटो कापून बसवण्याचं आहे त्याने आजच दुसरी वाट बघावी. ज्याला अक्षर कळतं, मजकुराची मांडणी कळते, मराठीतला अवघड फॉर्म साध्या माणसाला भरता येईल असा करता येतो, त्याला अजून जागा आहे. महाडीबीटीवर अर्ज भरताना अडकलेल्या पोरांना मी दर वर्षी बघते. त्या पडद्याची मांडणी करणाऱ्यांत आपल्या वस्तीतलं कुणी असतं तर "उत्पन्नाचा दाखला" कुठे चढवायचा हे शोधायला सायबर कॅफेत पैसे मोजावे लागले नसते.

टिकायचं ठरलं तरी एकट्याने टिकू नका. पाच-सहा जणांनी मिळून एक दरपत्रक ठरवा आणि त्याच्या खाली कुणीही काम घेऊ नका. दर पाडून एकमेकांचं काम पळवण्यात सध्या आपलीच पोरं पुढे आहेत. इंकस्केप, क्रिता, ब्लेंडर ही साधनं फुकट आहेत, सॉफ्टवेअरच्या महिन्याच्या भाड्यासाठी कर्ज काढू नका. एखादा अर्धवेळ पगार धरून रात्री डिझाईन करणं यातही काही कमीपणा नाही.

मंडळांसाठी माझी मागणी छोटी आहे. पुढच्या जयंतीच्या खर्चाचा हिशेब बुद्ध विहाराच्या फलकावर लावाल, तेव्हा मंडप, साऊंड, जनरेटर, प्रसाद या ओळींच्या जोडीला "डिझाईन" अशी एक ओळ घाला. समोर आकडा लिहा. आणि तो आकडा १४ एप्रिलच्या आधी द्या.