कावीची भिंत आणि छापील देव

जीर्णोद्धार हा आपल्या समाजात मोठ्या पुण्याचा शब्द आहे. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याचा उद्धार करणे अधिक श्रेयस्कर, असे आपले वाडवडील मानीत आले. परंतु या पुण्यशब्दाच्या आश्रयाने गोमंतकापासून कारवार-भटकळपर्यंतच्या कित्येक देवालयांत जे घडले आहे, त्याला उद्धार म्हणावयाचे की उच्छेद, हा प्रश्न महाजन मंडळींना स्पष्ट शब्दांत विचारणे प्राप्त आहे. कावीने चितारलेल्या भिंती खरवडल्या जातात; त्यांवर सिमेंटचा गिलावा चढतो; खाली चकचकीत फरशा बसतात; आणि वरच्या मोकळ्या जागेत संगणकावर 'सुधारून' छापलेली देवादिकांची रंगीबेरंगी चित्रे लागतात. मग समारंभ होतो, देणगीदारांना शाल-श्रीफळ मिळते, आणि देऊळ 'नवे कोरे' झाल्याचा आनंद सर्वांना होतो. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. छापील चित्र ही भिंतीची नोंद होऊ शकते. भिंतीची जागा ते घेऊ शकत नाही. हा भेद ज्या समितीला मान्य नाही, तिने भिंतीला हात लावू नये.

कावी म्हणजे काय, हे आपल्याच नव्या पिढीला सांगावे लागावे ही खेदाची गोष्ट. तथापि सांगणे भाग आहे. शिंपले भाजून केलेला चुना, धुऊन चाळलेली नदीची वाळू आणि गूळ यांचे मिश्रण कित्येक दिवस मुरत ठेवावयाचे, कुटून कुटून एकजीव करावयाचे आणि त्याचा गुळगुळीत पांढरा गिलावा भिंतीला द्यावयाचा. त्यावर आपल्याच तांबड्या मातीची काव, जिला आपल्याकडे उरमुंजी असेही म्हणतात, तिचा थर चढवावयाचा. हे सर्व ओले आहे तोवरच पोलादी सळई आणि कर्कटक हाती घेऊन नको तेवढी काव खरवडून काढावयाची, म्हणजे तांबड्यातून चुन्याची पांढरी रेघ उमटते. अशा रेघांतून कमळे, मोर, वेली, कल्पवृक्ष, दशावतार उभे राहतात. चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा कठीण होत जातो आणि काव त्यातच बांधली जाते. येथे रंग भिंतीवर लावलेला नसतो, तो भिंतीचाच भाग झालेला असतो. चुकलेली रेघ पुसता येत नाही आणि वाळलेल्या गिलाव्यावर पुन्हा बसता येत नाही. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जाऊन भिंतीजवळ क्षणभर उभे राहावे, म्हणजे हे वर्णनाविनाही कळेल.

अशी भिंत खरवडणे म्हणजे जुना रंग काढणे नव्हे. ते चित्र आणि भिंत दोन्ही एकदम नष्ट करणे होय. त्याहून दुर्दैवाची गोष्ट अशी की, हा व्यवहार भिंतीच्या हिताचाही नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर टाकते. ती श्वास घेणारी भिंत आहे. तिच्यावर सिमेंट, तैलरंग किंवा प्लास्टिकचा फ्लेक्स चढविला की तो श्वास कोंडतो. ओल आत राहते, क्षार वर येतात, पोपडे सुटतात, आणि पाच-सात पावसाळ्यांत समिती पुन्हा वर्गणीची पावतीपुस्तके छापावयास घेते. पिढ्यान् पिढ्या टिकलेली भिंत जुनी म्हणून काढावयाची आणि दर काही वर्षांनी बदलावी लागणारी भिंत टिकाऊ म्हणून मिरवावयाची, हा कोणता हिशेब?

आता त्या छापील चित्रांकडे वळू. येथे दोष छपाईच्या कलेचा नाही. ती कलाही श्रमाची आणि मानाची आहे. दोष आहे तो चित्र छपाईसाठी सिद्ध करताना होणाऱ्या बेपर्वाईचा. कोणी भाविक मोबाइलवर भिंतीचे छायाचित्र तिरप्या कोनातून काढतो आणि तेच छापखान्यात जाते. साधारण मोबाइलच्या छायाचित्रात आडव्या ओळीत सुमारे ४००० बिंदू असतात. ते दहा फूट रुंद फलकावर ताणले की दर इंचाला ३३ बिंदू उरतात. पुस्तकात छापावयाच्या छायाचित्राला छापील आकारात दर इंचाला ३०० बिंदू असावेत, असा छापखान्यांचा सर्वसाधारण नियम आहे. रस्त्यावरून जाता जाता पाहावयाच्या फलकाला ३३ बिंदू खपून जातात. परंतु प्रदक्षिणा घालणारा भाविक भिंतीच्या हातभर अंतरावरून चालतो. सळईने काढलेली केसाएवढी रेघ तेथे फुगलेल्या दोरीसारखी दिसू लागते. ती नीट दिसावी म्हणून संगणकावर तिचा काठ घासून गुळगुळीत करतात, आणि त्या घासण्यात कारागिराच्या हाताचा शेवटचा कंपही नाहीसा होतो.

रंगाची तीच कथा. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवितो. छपाई चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून तो रचते. पडद्यावर तेजस्वी दिसणारा रंग कागदावर तसाच उतरेल, ही समजूत खोटी आहे. काव ही मातीच्या जातीची, दबलेल्या तांबड्या रंगाची. तिला 'उठाव' देण्याच्या नादात कोणी केशरी करतो, कोणी कुंकवासारखी लाल. आणि चुन्याचा सौम्य पांढरेपणा धुऊन त्याला नव्या थाळीची चकाकी आणतो. कावीतील काव गेली आणि चुनाही गेला, तर उरले काय?

परंतु सर्वांत गंभीर प्रमाद निराळाच आहे, आणि त्याचा विचार तरी देवळाच्या माणसांनी अवश्य करावा. जागेला जुळावे, समोरासमोर जोड दिसावी, म्हणून चित्र उलट फिरविण्याची सोय संगणकात एका कळीवर असते. वेलबुट्टी उलटली तर हाताने काढलेल्या दोन बाजूंमधला गोड भेद जातो, एवढेच. देव उलटला तर काय होते? डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे किती कडक पाळतात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. विष्णूच्या चोवीस मूर्ती तर शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हाती आहेत यावरूनच ओळखावयाच्या. अग्निपुराणातील क्रमाप्रमाणे खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिण क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असतील तर तो केशव. हेच चित्र आरशाप्रमाणे उलटा: क्रम गदा, चक्र, शंख, पद्म असा होतो, आणि तो माधव! संध्येत ही दोन नावे आपण निरनिराळी उच्चारतो. भिंतीवर मात्र एका कळीच्या दाबाने एकाचा दुसरा करतो, आणि समितीतील एकाच्याही ते ध्यानी येत नाही. ज्या कारागिराला आपण अडाणी म्हणून विसरलो, त्याने ही चूक केली नसती.

येथे कोणी म्हणेल, छापील देवाचा एवढा तिटकारा कशासाठी? तिटकारा मुळीच नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याने लक्ष्मी-सरस्वती गोरगरिबांच्या देवघरापर्यंत पोहोचविल्या, हे उपकार कोण नाकारील? परंतु तेथे प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, त्यावर कसबी हाताने केलेले रेखन, आणि रंगावर रंग नेमका बसविण्याची साधना होती. शिवाय ती चित्रे जी जागा रिकामी होती तेथे गेली. कोणाची भिंत खरवडून ती लागली नाहीत. छापील चित्राचा धर्म घरोघर जाण्याचा आहे, भिंतीचा धर्म आपल्या जागी उभे राहण्याचा आहे. एकाने दुसऱ्याचा धर्म स्वीकारला की दोन्ही भ्रष्ट होतात.

म्हणून कावीची छपाई अवश्य व्हावी, पण ती नोंद म्हणून आणि नोंदीच्या शिस्तीने. छायाचित्र भिंतीच्या अगदी समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देऊन काढावे. आणखी एक छायाचित्र एकाच बाजूच्या तिरप्या प्रकाशात काढावे, म्हणजे कोरीव रेघांची खोली दिसेल. चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी असावी. मूळ छायाचित्र जसेच्या तसे जपून ठेवावे आणि सुधारणा कराव्या लागल्यास त्या त्याच्या प्रतीवर कराव्यात. कावी मुळात दोनच रंगांची. तिच्या रेखाचित्रांच्या छपाईला चार शायांचे ठिपके नकोतच. कावेशी जुळवून घेतलेली एकच शाई पांढऱ्या कागदावर पुरे. मात्र अशा निव्वळ रेघांच्या चित्राला दर इंचाला १२०० बिंदूंपर्यंतची बारकाई द्यावी, म्हणजे काठ तुटणार नाहीत. पडलेला भाग कल्पनेने भरू नये; भरलाच, तर चित्राखाली तसे लिहावे. असे पुस्तक हाती आल्यावर वाचकाला देवळात जाऊन भिंत पाहण्याची इच्छा झाली पाहिजे. ज्या छपाईमुळे भिंतीची गरज संपली असे वाटते, ती छपाई फसलेली आहे.

समित्यांचे दोन आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, की आता कारागीर मिळत नाहीत. गोव्यात सागर नाईक मुळे आणि उडुपीकडे जनार्दन हावंजे ही कावीसाठी झटणारी नावे जाहीर आहेत. शोधणाऱ्याला कारागीर सापडतात. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी तर गावोगाव हिंडून या कलेची छायाचित्रे जमविली आणि तिच्यावर लिहिले. विद्येला माणसे आहेत, आमंत्रण नाही. आणि कारागीर मिळत नसेल, तर तो मिळेपर्यंत भिंत तशीच राहू द्यावी. खरवडणाऱ्याला मात्र आपण उद्याच बोलावितो. दुसरा आक्षेप असा, की भाविकांना चकचकीत हवे असते. भाविकांना काय दाखवावे, हे जर बाजार ठरविणार असेल, तर महाजन कशासाठी? देवस्थान ही महाजनांची मालमत्ता नव्हे, ती त्यांच्याकडे सोपविलेली ठेव आहे, आणि ठेवीतील वस्तू बदलून नवी ठेवणाऱ्याला कोणी विश्वस्त म्हणत नाही.

आता कलावंताविषयी. बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंतीवर चित्रे काढली. ती खरवडून त्यांच्या छापील प्रती लावाव्यात, असे कोणी सुचविले तर बडोदेकर त्याला उभे करणार नाहीत. मग कावीच्या भिंतीला हे संरक्षण का नाही? तिच्या कारागिराचे नाव आपण टिपून ठेवले नाही, एवढेच तिचे पाप. आणि हे पाप आपण आजही करीत आहोत. जीर्णोद्धाराची कोणतीही स्मरणिका उघडा. पंख्याच्या देणगीदारापासून स्वागताध्यक्षापर्यंत सर्वांची छायाचित्रे सापडतील; भिंत चितारणाऱ्याचे, छायाचित्र काढणाऱ्याचे, रात्र जागून संगणकावर पाने सिद्ध करणाऱ्या मुलाचे नाव सापडणार नाही. कलावंताला निनावी ठेवणारा समाज पुढे त्याच्या कृतीलाही बेवारस समजतो.

शेवटी एका इतिहासाचे स्मरण देतो. १५६० साली मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास नेण्यात आले. १५६७ साली सासष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. त्या संकटात आपल्या पूर्वजांनी घरे सोडली, शेते सोडली, पण देव सोडले नाहीत. जे पाडले गेले त्याचे दुःख आपण अजून सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु आज आपल्या भिंतींवर कोणत्या परक्याचा घण पडत आहे? ठराव आपला, वर्गणी आपली, कंत्राटदार आपण नेमलेला. पूर्वजांच्या हाती केवळ देव उचलण्यापुरता वेळ होता. आपल्या हाती सर्व काही वाचविण्याइतका वेळ आहे आणि पैसाही आहे. तेव्हा पुढल्या बैठकीत जीर्णोद्धाराचा विषय निघेल, तेव्हा महाजनांनी एवढाच ठराव आधी करावा: भिंतीची पुरी नोंद होईपर्यंत आणि कावी जाणणाऱ्याचा लेखी अभिप्राय येईपर्यंत एकही खरवडणी भिंतीला लागणार नाही. हा ठराव करावयास दमडी लागत नाही. तो न करण्याची किंमत मात्र आपल्या नातवंडांना मोजावी लागेल.