निळू फुले : ‘खलनायक’ या शिक्क्यापलीकडे



गेल्या अंकातील पत्रात निळू फुले यांची ‘एकाच साच्याचे खलनायक’ अशी जी बोळवण केली आहे, ती त्यांच्या कारकिर्दीला न्याय देणारी नाही. चरित्र अभिनेता, म्हणजे नायकपद न भूषवता माणसाचा विशिष्ट स्वभाव उभा करणारा नट, या अर्थाने त्यांच्या तोडीचे कलावंत मराठीत थोडे आहेत. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून, म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि वग या तमाशाच्या अंगांवर उभ्या राहिलेल्या नाट्यप्रकारातून, ते पुढे आले आणि 1968च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना चित्रपटात आणले. त्यांनी पाटील-सरपंच अनेकदा रंगवले हे खरेच. परंतु जब्बार पटेल यांच्या ‘सामना’तील (1975) साखरसम्राट हिंदुराव हा निव्वळ दुष्ट माणूस नसून, विकासाचा अभिमान, दरारा आणि आतले भय एकाच देहात वागवणारा सत्ताधीश आहे, हे साखर कारखान्यांच्या सांगली जिल्ह्यातील, त्यातही दुष्काळी जतमधील, प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘सिंहासन’मध्ये (1979) तर तेच सत्तेचा खेळ न्याहाळणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले आणि रंगभूमीवर त्यांनी ‘सखाराम बाइंडर’ साकारला. पडद्यावरचा हा दुर्जन प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढला होता आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्याने उघड साथ दिली. 13 जुलै 2009 रोजी त्यांचे निधन झाले. पत्रलेखकाने ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठ पाहून आपले मत पुन्हा तपासावे, ही विनंती.

— एक वाचक, जत (जि. सांगली)