नामचिंतन : ब्राह्मी



नाहूर येथील एका वाचकबंधूंनी विचारणा केली आहे. नातीची रास वृषभ. घरातील ज्येष्ठांनी ‘ब्राह्मी’ हे नाव सुचविले, परंतु ‘हे तर केसांच्या तेलाचे नाव’ असा आक्षेप तरुण मंडळींनी घेतला. आक्षेप समजण्याजोगा आहे. ब्राह्मी ही बुद्धिवर्धक मानली गेलेली वनस्पती असून तिचे तेल घरोघरी आढळते. तथापि आपल्या परंपरेत या नावाचे स्थान फार वरचे आहे.

‘ब्रह्मन्’ या शब्दापासून ‘ब्राह्मी’ हे स्त्रीलिंगी रूप सिद्ध होते. अमरकोशात ते वाणीचे नाव म्हणून येते, तर प्राकृतात त्याचेच ‘बंभी’ होते. ब्राह्मी व सुंदरी या प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांच्या कन्या. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रानुसार प्रभूंनी उजव्या हाताने ब्राह्मीस अठरा लिपी आणि डाव्या हाताने सुंदरीस गणित शिकविले. एकं, दहं, शतं ही स्थाने आपण आजही उजवीकडून डावीकडेच मोजतो. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात तर आधी कन्यांचा विद्यारंभ आणि नंतर पुत्रांचे शिक्षण, असा क्रम आहे. भगवतीसूत्राच्या आरंभी ब्राह्मी लिपीस वंदन केलेले आहे. सोळा सतींच्या नामावलीतही पहिले नाव ब्राह्मीचेच.

या लिपीतील प्राचीन लेख आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मावळातील पाले येथील गुहेत अरहंतांना वंदन करून आरंभ होणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. जुन्नरजवळील नाणेघाटात, व्यापाऱ्यांच्या जुन्या वाटेवर, सातवाहन राणी नागनिकेचा लेख असून त्यात दानांचे आकडेही कोरलेले आहेत. अक्षर आणि अंक या दोन्ही भगिनी तेथे एकत्र भेटतात.

बँकेतील सेवाकाळात मात्र वेगळे चित्र वारंवार पाहावयास मिळे. पेढीच्या कागदपत्रांत पत्नी, सून वा कन्या भागीदार असे. पेन्सिलीने केलेल्या फुलीपाशी ती सही करी आणि कागद न वाचताच परत देई. विचारले, तर ‘घरातले पाहतात’ एवढेच उत्तर मिळे. जिच्या धर्मपरंपरेत लिपीची पहिली विद्यार्थिनी कन्या होती, तिने फुलीवर सही करावी, हे मनास खटकत राहिले.

म्हणून त्या आजोबांना सांगावेसे वाटते की, नाव निःशंकपणे ठेवावे. ऋषभदेवांचे लांछनही वृषभच आहे, तेव्हा राशीचाही मेळ उत्तम जुळतो. तेलाची थट्टा शाळेत चार दिवस होईल. मुलीला आपल्या नावाची कथा ठाऊक असली, तर तीच उत्तर देईल. मात्र नावाबरोबर एक संकल्पही करावा. ती लिहू लागेल त्या दिवाळीस वहीपूजनात पहिली ओळ तिच्या हातून लिहवून घ्यावी आणि पुढे ती वही वाचावयासही शिकवावी.