हृदय थकलं की डोकंही थकतं, आणि ॲप विकणारे टपलेलेच असतात

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल तर पूर्ण वाचा.

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या 'मेंदूच्या व्यायामाच्या' ॲपच्या जाहिराती फिरतायत. रोज पंधरा मिनिटं खेळा, स्मरणशक्ती वाढवा. पुण्यातली, नाहीतर थेट परदेशातली मुलं आईबाबांसाठी वर्षाचे पैसे भरून मोकळी होतात. खेळायला माझी ना नाही. 'मोकळी होतात' याला आहे.

आधी मूळ मुद्दा. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप अशक्त होतो, गरजेइतकं रक्त फेकायला कमी पडतो. आता मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं साधारण १५ टक्के तो एकटा घेतो. पंप ढिला पडला की त्याची झळ वरपर्यंत जाणारच. लक्ष लागत नाही, नवीन सांगितलेलं राहत नाही, कामाचा क्रम चुकतो. या पेशंटमध्ये हे बरंच दिसतं. आणि आपण काय म्हणतो? "वय झालं आता." किंवा त्याहून वाईट, "मुद्दाम करतात." घरातले चिडतात, बाबा गप्प होतात.

वयाचंही बघा. केरळात २०१३ साली त्रिवेंद्रमच्या रुग्णालयांतल्या १,२०५ हार्ट फेल्युअर पेशंटची नोंद झाली, त्यांचं सरासरी वय होतं ६१ च्या आसपास. म्हणजे नुकते रिटायर झालेले, घरचा हिशोब अजून स्वतः बघणारे लोक.

खरी पंचाईत पुढेच आहे. हा आजार सांभाळायला डोकंच जास्त लागतं! रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं, लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, अंगात साठलेलं पाणी आहे, डॉक्टरांना फोन करायचा. लघवीची गोळी ठरल्या वेळी. पापड, लोणचं, फरसाण बंद. घोट्यावर सूज आहे का ते बघायचं. सारख्या दिसणाऱ्या पाच-सहा गोळ्या. हे सगळं ओपीडीत तीन मिनिटांत धडाधड सांगितलं जातं, आणि ज्याच्या लक्षात राहत नाही त्यालाच सांगितलं जातं.

मग मेंदूच्या ट्रेनिंगने काही होतं का? होतं, पण जाहिरातीत सांगतात तसं नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या सुमारे २,८०० लोकांवर 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा प्रयोग झाला. तास-सव्वा तासाची दहा सत्रं. २००२ साली निकाल आला तो असा, की ज्याचा सराव केला तेच सुधारलं. विचाराच्या वेगाचा सराव केला तर वेग वाढला, स्मरणशक्ती नाही. दहा वर्षांनी बघितलं तर तर्क आणि वेगाच्या सरावाचा काही फायदा टिकला होता, स्मरणशक्तीच्या सरावाचा नाही. पोहायला शिकून सायकल येत नाही, तसंच हे. 'ल्युमोसिटी' या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने विसरभोळेपणा टळेल वगैरे दावे केले होते, त्यावरून २०१६ मध्ये तिकडच्या सरकारी यंत्रणेशी तडजोड करून तिला २० लाख डॉलर भरावे लागले.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटवरही इंडियाना विद्यापीठात असे प्रयोग झालेत. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: नुसता कॉम्प्युटर देऊन सोडलं नाही, सोबत नर्स होती. आपल्याकडे नेमकी तीच गाळून फक्त ॲप येतं.

माझं मत सरळ आहे. ज्याचा सराव कराल तेच सुधारणार असेल, तर सराव कामाच्या गोष्टीचा करा. आठवड्याचा गोळ्यांचा डबा स्वतः भरणं, वजनाची वही, "आज कालपेक्षा किती फरक?" हा तोंडी हिशोब. ज्यांनी शाळेत पावकी-निमकी पाठ केलीय त्यांना हे जमतं. एक मात्र आहे. तीस वर्षं पाठ असलेला हरिपाठ म्हणणं मनाला चांगलंच, पण तो मेंदूला नवा सराव नाही. नवीन अभंग शिकायला घ्या. डॉक्टरांना विचारून रोज चाला. आणि माणूस एकाएकी गोंधळला, असंबद्ध बोलायला लागला, तर कोडी-बिडी बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. सोडियम घसरणं, इन्फेक्शन, काहीही असू शकतं.

आता सरकारकडे येतो. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांचं कवच आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. ॲडमिट व्हायची वेळच येऊ नये म्हणून लागणारा हजार रुपयांचा वजनकाटा त्यात बसत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची. चांगली योजना आहे (३,००० मध्ये धड श्रवणयंत्र येत नाही, ते सोडा). त्याच यादीत डिजिटल वजनकाटा आणि गोळ्यांचा डबा टाकायला काय हरकत आहे? आणि नगरपालिकेच्या विरंगुळा केंद्रात टीव्ही आणि कॅरमच्या जोडीला आठवड्यातून एक तास नर्स का बसू नये? वजनाच्या वह्या बघेल, चार जणांकडून डबे भरून घेईल. त्याला नवीन इमारत लागत नाही. उद्घाटनाची पाटी लावता येत नाही, हीच काय ती अडचण असावी.

या दोन्ही मागण्यांचं निवेदन तयार करतोय. आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या सह्या हव्यात. तुमच्या संघाचं नाव कमेंटमध्ये टाका, निवेदन घेऊन मी स्वतः येतो.