ई-पीक पाहणी : तपासणीचा शेरा शेतकऱ्याला दिसावा

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी, महसूल विभाग

विषय : सातबारावरील पीकनोंदीची तपासणी नव्या ॲपवर गेल्यापासून होणारे नुकसान थांबवणेबाबत.

महोदय,

चिमूर तालुक्यातील शेतकऱ्यांचा ॲपला विरोध नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपला पेरा आपणच सातबारावर नोंदवायचा ही गोष्ट भिसी, नेरी, शंकरपूर, खडसंगीच्या शेतकऱ्याला पटली. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर त्याने, नसेल तर शेजाऱ्याने बांधावर जाऊन गट शोधून दिला. तक्रार वेगळी आहे. नोंदीची तपासणी ॲपवर गेली आणि ती शेतकऱ्याला दिसेनाशी झाली. तोंडी सांगून झाले, अर्ज देऊन झाले, पोचही घेऊन झाली. म्हणून हे निवेदन.

सर्वांत मोठा फटका तुरीला बसतो. या भागात बहुतेक शेतकरी निव्वळ सोयाबीन पेरत नाहीत. सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास असते. ऑगस्टमध्ये सोयाबीन दाट झालेले असते आणि तूर त्यातून जेमतेम डोके वर काढते. शेतकरी ॲपवर मिश्र पीक निवडतो, दोन्ही पिकांचे क्षेत्र भरतो, चिखलात उभा राहून फोटो काढतो. फोटोत दिसते ते सोयाबीन. पुढे सातबारा हाती येतो तेव्हा त्यावर पीक एकच. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, विकले जाते, चूक कोणाच्या लक्षात येत नाही. तूर निघायला जानेवारी उजाडतो. हमीभाव खरेदीच्या नोंदणीसाठी शेतकरी सातबारा घेऊन जातो आणि खिडकीवर त्याला कळते, की सरकारदरबारी त्याच्या शेतात तूरच नाही. अंगणात कुटार पडलेले आहे, पोती भरलेली आहेत, कागदावर मात्र काही नाही. मग ती पोती व्यापारी म्हणेल त्या भावाने जातात.

दुरुस्तीसाठी ४८ तास असतात, असे प्रत्येक वेळी सांगितले जाते. नियम आपणांस ठाऊकच आहेत, त्यांची उजळणी येथे नको. प्रश्न एवढाच, की ऑगस्टातले ४८ तास जानेवारीत कोठून आणायचे? दहा टक्के नोंदी ग्राम महसूल अधिकाऱ्याने तपासायच्या आहेत. त्या कोणाच्या तपासल्या, काय बदलले, का बदलले, कोणत्या फोटोवरून बदलले, यातले काहीच शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

नोंद चुकल्यावर काय होते, हे शासनाने स्वतः पाहिले आहे. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाले. त्याला ई-पीक नोंदीची अट लागली, पेरणी करूनही नावे सुटली आणि अखेर अट शिथिल करावी लागली.

साधन बदलताना काय सांभाळायचे, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून शिकता येईल. तिथे नीट चालणाऱ्या चमूत एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. हरकत असेल तर त्या ओळीपाशीच शेरा पडतो, लिहिणारा उत्तर देतो आणि दोघांचे म्हणणे नावानिशी राहते. एलएलव्हीएम या जागतिक प्रकल्पाने ही तपासणी फॅब्रिकेटरवरून गिटहबवर नेली. फॅब्रिकेटर बनवणाऱ्या कंपनीने जून २०२१ मध्येच काम थांबवले होते, तरी जुने दार एका रात्रीत बंद झाले नाही. सप्टेंबर २०२३ पासून नवी कामे गिटहबवर घेतली गेली, अर्धवट राहिलेली जुन्या ठिकाणी पुरी करायला सवड मिळाली आणि जुने शेरे वाचता येतील असे जपले गेले. पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्या तालुक्यातील मुलांना यात नवल वाटणार नाही. कोडच्या ओळीला जो शेरा मिळतो, तो गटातल्या पिकालाही मिळावा.

म्हणून मागणी अशी, की नोंद बदलली किंवा नाकारली तर कारण, तारीख आणि तपासणाऱ्याचे पद शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावे; मूळ नोंद आणि फोटो पुसले जाऊ नयेत; आणि मिश्र पिकातील तुरीसाठी दुरुस्तीची दुसरी संधी डिसेंबरात, शेंगा उभ्या असताना मिळावी. यातले पहिले ‘पुढच्या आवृत्तीत होईल’ असे गेल्या खरिपात सांगितले गेले. त्याआधीच्या रब्बीतही हेच ऐकले होते. दरम्यान केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेची पद्धत आली, गटापासून ५० मीटरच्या आत फोटोची अट आली. तेवढे मात्र वेळेवर झाले. शेऱ्याचे आश्वासन होते तिथेच आहे.

याशिवाय खडसंगी-कोलारा बाजूला, ताडोबाच्या बफरलगत नेटवर्क मिळत नाही आणि सायंकाळी बांधावर थांबणे जिवावरचे असते; तिथे पीक पाहणी सहायकाने दिवसाउजेडी सोबत यावे. धानाची रोवणी लांबली तर मुदतही लांबावी. वनपट्टेधारकांनी नोंद कशी करायची, हे एकदा लेखी कळवावे.

येत्या खरिपाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी वरील प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. या वेळी तोंडी आश्वासनावर शेतकरी परत जाणार नाहीत.

आपले नम्र,
चिमूर तालुक्यातील शेतकरी