माशांच्या खाद्यातील स्निग्धांश : थोडा, पण ताजा

तलावात मासे पाळणाऱ्यास खाद्य कोणते द्यावे असे विचारले, तर भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग, हे उत्तर तयार असते. उत्तर चूक नाही. कटला, रोहू व मृगळ यांचे संवर्धन अनेक वर्षे याच मिश्रणावर होत आले आहे. परंतु कोंडा किती दिवसांचा आहे, ही चौकशी सहसा होत नाही. माशांची वाढ खुंटल्याची तक्रार आली असता आरंभीच विचारावा असा हा प्रश्न आहे.

कोंड्यातून व पेंडीतून माशाला जो स्निग्ध पदार्थ मिळतो, तो त्याचे इंधन होय. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे 9 उष्मांक मिळतात, तर तितक्याच प्रथिनापासून सुमारे 4. खाद्यात स्निग्धांश पुरेसा असला म्हणजे मासा हालचालीसाठी तो खर्च करतो आणि प्रथिने मांस वाढविण्याकडे लागतात. पेंडीतील प्रथिनासाठी शेतकऱ्यास पैसे मोजावे लागतात. ते इंधन म्हणून जळून जावे, यात त्याचेच नुकसान आहे.

यावरून कित्येकांचा असा समज होतो की, खाद्यात वरून तेल घातल्यास मासा अधिक झपाट्याने वाढेल. हा समज टाकून दिला पाहिजे. कार्प जातीच्या माशांना खाद्यात शेकडा 6 ते 8 स्निग्धांश साधारणतः पुरतो. त्याहून बराच अधिक झाल्यास माशाची भूक लवकर भागते, प्रथिने कमी पोटात जातात, आणि उरलेली चरबी आतड्याभोवती व यकृतात साठते. पोट फुगते, पाठ भरत नाही. शिवाय हिशेबही पाहावा. चांगल्या कोंड्यात शेकडा 15 च्या सुमारास तेल असते आणि घाणीच्या पेंडीत 7 ते 8. दोन्ही समभाग घेतल्यास मिश्रणात 11 होतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. तेल काढलेला कोंडा घेतला तर 4 ते 5 उरतात. तुसाची भेसळ असलेल्या कोंड्यात तेल मुळातच कमी असते. हा फरक न पाहता सर्वांना एकच प्रमाण सांगणे, हा विस्तारकार्यातील आळस म्हटला पाहिजे.

तरीही प्रमाणापेक्षा ताजेपणाचा प्रश्न मोठा आहे. भात सडताना कोंड्यातील तेल व त्याचे विघटन करणारा पाचकरस यांचा संयोग होतो आणि त्याच घटकेपासून तेल बिघडू लागते. पुढे हवेशी संयोग होऊन ते खवट होते. पावसाळ्यातील दमट कोठारात हे काम फार दिवस घेत नाही. खवट तेल माशाला केवळ निरुपयोगी नव्हे, तर अपायकारक असते. जपानमध्ये कार्प माशांना रेशीमकिड्यांचे वाळविलेले कोशस्थ किडे खाऊ घालण्याची प्रथा होती. त्यांतील तेल बिघडलेले असल्यास माशांच्या पाठीचे मांस झिजून पाठ सुरीच्या धारेसारखी होई. या रोगास तेथे सेकोके म्हणतात. खाद्यात ई जीवनसत्त्व घातल्यास तो टळतो, असे 1960 नंतरच्या दशकात दिसून आले. आपल्या तलावांत रोग या थरास जात नसेलही, परंतु खाद्य घालूनही वजन न वाढणे हे नुकसान काही लहान नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. कार्प माशांना लिनोलिक व लिनोलेनिक अशी दोन स्निग्धाम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. सिप्रिनस माशावरील प्रयोगांत प्रत्येकी शेकडा 1 च्या आसपास गरज आढळली. पहिले कोंड्यात व पेंडीत विपुल आहे, दुसरे जवळजवळ नाही. ते पाण्यातील हिरव्या प्लवंगांतून मिळते. म्हणून खाद्याची पोती आणली म्हणजे शेणखत घालण्याचे कारण उरले नाही, असे मानणारा शेतकरी माशाला अर्धपोटी ठेवतो. जवसाच्या तेलात हे आम्ल भरपूर असते खरे, पण हवेत ते तेल फार लवकर बिघडते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव आहेत आणि भातगिरण्याही आहेत. तेथे तरी हंगामाचा कोंडा एकदम भरून ठेवण्याचे कारण नाही. आठवड्याला लागेल तेवढाच आणावा. अधिक आणणे भाग पडल्यास लगेच कढईत भाजून, थंड करून, कोरड्या जागी ठेवावा. मूठभर कोंडा हातावर चोळून हुंगल्यास खवटपणा कळतो. असा कोंडा व बुरशी धरलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तयार दाणेदार खाद्य घेणाऱ्याने पोत्यावरील स्निग्धांशाचा आकडा व उत्पादनाची तारीख दोन्ही वाचावी.

विस्तार कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा जाळे ओढावयास लावून माशांचे वजन घ्यावे आणि एखादा मासा चिरून पाहावा. आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे थर दिसल्यास निम्मा कोंडा काढून त्या जागी तेल काढलेला कोंडा द्यावा व पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावे.